छपराखालचे मशरूम

मिरीचे वेल उपटून मी सोलरचं छप्पर उभारलं, त्या दिवसापासून माझा थोरला दीर खांग मला ‘सरकारची लाडकी लेक’ म्हणतो. स्वतः कॉफीचा व्यापारी. बाजाराशिवाय दुसरा देव नाही, असं सगळ्या डाक लाक प्रांतात सांगत फिरतो. त्याच्या कोठारावरही तशीच पॅनेलं आहेत, पण विचारलं की म्हणतो, "ती बायकोच्या नावावर आहेत." असल्या निर्लज्जाला काय बोलायचं!

सरकार आमची वीज चढ्या दराने घेतं, पण छपराखाली शेती हवी अशी अट. त्या अंधारात मशरूमशिवाय काय उगवणार? माझ्या मशरूमच्या पिशव्यांना हिरवी बुरशी लागली आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी तपासणी. पीक दिसलं नाही तर वीज घेणं बंद. वेल तर गेलेच होते. नाक मुठीत धरून मी खांगच्या दारात गेले.

"भाऊजी, तुमच्या कोठारातल्या मशरूमच्या पिशव्या द्या. तुमची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे ना?"

"देतो की. विहीर दे."

"विहीर? मग माझ्या उरलेल्या कॉफीच्या झाडांना पाणी कुठलं घालू?"

"माल माझा, गरज तुझी. यालाच बाजार म्हणतात, थोआ. सरकारच्या मांडीवर बसून नाही कळायचं ते."

ती विहीर माझ्या नवऱ्याने स्वतः खणली होती. तळतळाट देत मी विहिरीच्या कागदावर सही केली आणि पिशव्या आणल्या.

सकाळी तपासनीस आला, मशरूमचे फोटो काढले, मान डोलावली. निघताना म्हणाला, "खांग यांचं कोठार जवळच आहे ना? तेही आजच उरकतो. फोन केलाय त्यांना. आधी नाक्यावर वाडगाभर फो, गरम शेवयांचं सूप, खातो."

तो गेला आणि खांग टेम्पो घेऊन धापा टाकत हजर.

"थोआ, पिशव्या चढव! कोठार रिकामं आहे माझं!"

"विहीर?"

"घाल चुलीत ती विहीर!" त्याने कागद फाडून माझ्या पायाशी टाकला.

मी तुकडे वेचले आणि खरंच चुलीत घातले. मग फाटकाला आतून कडी लावली.

"अगं, पिशव्या?"

"विकायच्या नाहीत."

"विहीर परत दिली ना!"

"फाडायला मी नव्हतं सांगितलं, भाऊजी. माल माझा, गरज तुमची."

तो फाटक हलवत, शिव्या घालत राहिला. तेवढ्यात तपासनिसाची मोटरसायकल खांगच्या रिकाम्या कोठाराकडे वळली.