बाकावरचा दिवा

सुनेने वाचनालयाच्या दालनात तीनशे दिवे टांगले होते. खाली कुणी मोबाइल घेऊन आलं की त्याच्या डोक्यावरचा दिवा उजळायचा. मोबाइलमधून लहरी निघतात, त्या दिव्याला कळतात म्हणे. तिचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम. उद्या समिती पाहायला येणार होती, आणि एक दिवा खोटं बोलत होता.

तो नेमका माझ्या बाकावरचा. मी रोज तिचा डबा घेऊन जायचे आणि तिचं हातातलं आटपेपर्यंत तिथे जप करत बसायचे. जपाच्या वेळी मौन आणि फोन बंद, हा माझा नेम घरात सगळ्यांना ठाऊक.

"आईंचा फोन बंद, तरी हा मेला चालू! चार दिवस डोकं पिकलंय," शिडी ओढत सून म्हणाली. दोनदा वायरी बदलून झाल्या होत्या. "उद्या असाच पेटला तर ते काम घेणारच नाहीत."

तिला शिडी लावता यावी म्हणून मी पिशवी उचलून पुढच्या बाकावर बसले. तिथला दिवा लागला, आधीचा विझला.

"आई, हलू नका! पिशवीत काय आहे?"

बोलता येईना. मी पिशवीच पुढे केली. पोथी निघाली, चष्मा निघाला, आणि कडेच्या कप्प्यातून शेंगदाण्याएवढं, ह्यांचं कानाचं मशीन!

"अहो, हेसुद्धा लहरी सोडतं!" ती रडता रडता हसली.

मी मात्र शरमले. मशीन हरवलं म्हणून चार दिवस ह्यांना बोल लावत होते, तेही माझ्या हळू आवाजामुळे प्रत्येक बोल दोनदा. "केस कापायला बसताना तुझ्याकडेच दिलं," असं हे परोपरीने सांगत होते. तेव्हा सलूनच्या बाकावर माझी माळ चालू होती. न बघताच कप्प्यात टाकलं असणार. वर ते सापडू दे म्हणून देवाला साकडं! तो बिचारा रोज डोक्यावर दिवा लावून दाखवत होता, माझेच डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. रिकामा बाक अंधारात होता. कागदावर सही झाली तेव्हा सुनेने माझा हात घट्ट धरला. मोबाइल घरी ठेवून आलेले हे आत शिरले, तर डोक्यावर दिवा.

"अहो, चूक माझी होती," मी हळूच म्हटलं.

"काय?"

"चूक माझी होती."

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," हे म्हणाले. "पण परत ऐकायला बरं वाटलं."

मनोमन हात जोडून मी ह्यांच्या उजेडात सरकून उभी राहिले.