स्टॅनीच्या मिस्साला मी मुका राहिलो

मी वसईतल्या एका गावच्या चर्चचा ऑर्गन बोलतोय. भाता मारून वाजवायचा तो नव्हे; मी विजेवर चालणारा, लाकडी अंगाचा, दोन मजली पट्ट्यांचा. माझ्या पोटात नव्वदेक दातेरी चाकं आहेत. मोटर ती फिरवते तेव्हा मला सूर फुटतो. मला उचलायला चार माणसं लागतात आणि चौघांचीही कंबर धरते. याचा मला थोडा गर्व आहे, कबूल करून टाकतो.

जन्म परदेशातला, पण तिथलं फारसं आठवत नाही. मुंबईतल्या एका चर्चने नवा ऑर्गन घेतला तेव्हा मला टेम्पोत घालून इथे आणलं. उतरवताना माझा एक पाय मोडला. गावच्या सुताराने नवा बसवला आणि मी वसईकर झालो.

स्टॅनीचं माणिकपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंप, पंखे, मिक्सर हे त्याचं रोजचं काम. फादरांनी त्याला बोलावलं, त्याने माझी पाठ उघडली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"याला घाई चालणार नाही," तो म्हणाला.

खरंच चालत नाही. मला दोन बटणं आहेत. पहिलं आठ आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग दुसरं दाबायचं. आत छोट्या वाट्या आहेत, त्यांतून सुती दोरे चाकांपर्यंत जातात. वर्षातून एकदा वाट्यांत खास पातळ तेल थेंबाथेंबाने सोडायचं. दोरे ते पितात आणि चाकांना पाजतात. हे काम स्टॅनीने चाळीस वर्षं केलं. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तो मागच्या बाकावर बसायचा. बाकीचे प्रार्थना ऐकत, हा माझी चाकं ऐकायचा.

मला वाजवायची प्रिस्का टीचर. पुढे गायकवृंदात जेम्स आला, त्याचा कीबोर्ड घेऊन. "टीचर, ह्यात दोनशे आवाज आहेत, आणि एका सेकंदात स्टार्ट होतो." पोरगा खोटं बोलत नव्हता. हळूहळू माझ्यावर कापड पडलं, कापडावर फुलदाण्या आल्या. माणसांना सपाट जागा दिसली की काहीतरी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षी स्टॅनीला अर्धांगवायू झाला. प्रिस्का त्याला भेटून आली आणि माझ्याशेजारी उभी राहून त्याच्या मेहुण्याला, गॉडफ्रेला म्हणाली, "अंकल, ते एवढंच बोलले. माझ्या मयताच्या मिस्साला कीबोर्ड नको, ऑर्गन वाजव."

"वाजणार," गॉडफ्रे म्हणाला. "मी तयार करतो त्याला."

नाताळ झाल्यावर एका दुपारी तो आला. स्टॅनीची तेलाची बाटली रिकामी होती. कुठलं तेल ते विचारायला हवं होतं, पण आजारी माणसाला कशाला त्रास, असं त्याला वाटलं. त्याने आपल्या वाडीतल्या नारळांचं तेल आणलं होतं.

"घरचं आहे," तो प्रिस्काला म्हणाला. "बाजारातल्या तेलात काय काय घालतात."

त्याने वाट्या काठोकाठ भरल्या. मी झकास फिरलो. खोटं कशाला बोलू, तो वास मलाही आवडला.

जानेवारीत स्टॅनी गेला. त्या आठवड्यात थंडी अशी पडली की बायका स्वेटर घालून मिस्साला येत होत्या. अशा सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या पोटाचा विचार मात्र कुणाच्या मनात आला नाही.

सकाळी नऊला शवपेटी वेदीसमोर ठेवली. प्रिस्काने पहिलं बटण धरलं आणि आठ आकडे मोजले. मोटर कण्हली, चाकं जागची हलली नाहीत. तिने पुन्हा धरलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

जेम्स जवळ आला. "टीचर, कीबोर्ड लावू?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. मग थोड्या वेळाने, हो म्हणून. जेम्सने छान वाजवला, रडत रडत वाजवला. वीज गेली म्हणून मी अनेकदा गप्प राहिलोय. त्या दिवशी मात्र मला लाज वाटली.

दुपारी एकच्या सुमारास प्रिस्का माझ्यावर कापड घालायला परत आली. खिडकीतून ऊन माझ्या पाठीवर आलं होतं. तिने सहज बटण धरलं आणि मी फिरलो. ती दचकली. मग बसली आणि मयताचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. समोरचे सगळे बाक रिकामे होते.

गॉडफ्रे बाहेर कबरीवरची फुलं नीट लावत होता. सूर ऐकून तो दारात आला. प्रिस्काने माझी पाठ उघडली. वाट्यांत तेल अर्धं पातळ, अर्धं पांढरं होतं. त्याने त्यात बोट घातलं.

"थिजलं होतं," तो म्हणाला. "आज सकाळी आंघोळीआधी मी माझी बाटली उन्हात ठेवली होती."

मग तो स्टॅनीच्या बाकावर जाऊन बसला.

त्या तेलाने चिकटलेले माझे सगळे दोरे आता बदलावे लागतील म्हणतात. ते जाणणारा माणूस अजून मिळालेला नाही. तुमच्याकडे असं जुनं काही असेल, तर त्याला काय लागतं ते त्याच्या माणसाला विचारून ठेवा, तो बोलू शकतोय तोवर.

गॉडफ्रे दर शनिवारी येतो, कापड झटकतो, फुलदाणी उचलून खाली ठेवतो. माझा त्याच्यावर राग नाही. पण हे त्याला सांगायचं तर त्याने माझी एखादी पट्टी दाबायला हवी, आणि तो पट्ट्यांना हात लावत नाही.