डावीकडची जागा

आमच्या घरात कुठल्याही वस्तूला कव्हर असायचंच. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, फ्रीजच्या हँडलला भरतकामाची पिशवी, सोफ्याला खोळ आणि त्या खोळीवर जुनी चादर. पाहुणे आले की चादर निघायची, खोळ राहायची. सोफ्याचा खरा रंग मी दहावीला असताना पाहिला, तोही उंदराने खोळ कुरतडली म्हणून. त्यामुळे अण्णांच्या मोटारीच्या डाव्या सीटला कव्हर होतं, याचं मला लहानपणी काहीच वाटलं नाही. राग यायला फार उशीर झाला.

मोटार म्हणजे १९५२ची एम.जी. दोन माणसांची, उघडी, इंग्लंडात बनलेली. अण्णा नांदेडला वकिली करायचे. चौऱ्याऐंशी साली हैदराबादच्या एका नवाबी घरातून त्यांनी ती घेतली. तिथे ती पंचवीस वर्षं विटांवर उभी होती, मीटरवर जेमतेम चार हजार मैल. अण्णांनी ती स्वतः चालवत वजिराबादच्या घरी आणली, तेव्हा म्हणे अख्खी गल्ली दारात उभी होती. आईला सातवा महिना होता. तिने गाडीला ओवाळलं आणि अण्णा म्हणाले, "चल, गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर."

पण डॉक्टरीणबाईंनी हादरे बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. "बाळंतपण होऊ दे," अण्णा म्हणाले, "तोवर ही जागा मी कुणाला देत नाही." दुसऱ्या दिवशी आईने खाकी कॅनव्हासचं कव्हर शिवलं आणि चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या.

बाळंतपण झालं, मी झाले. मग दोनच सीटच्या गाडीत पोर कुठे ठेवायचं हा प्रश्न. मग आजीचं आजारपण आलं. मग उघड्या गाडीतून बायको मिरवली तर कोर्टात लोक काय म्हणतील, हे आलं. पुढे पुढे कुणी कारणही विचारेनासं झालं. जागा मात्र आईचीच. एका न्यायाधीशांनी हौसेने चक्कर मागितली, तर अण्णांनी त्यांनाही हात जोडले. "ती जागा हिची आहे," असं छाती फुगवून सांगायचे. लोक कौतुक करायचे, वकीलसाहेबांचं बायकोवर किती प्रेम! बिलोलीच्या कोर्टात तारीख असली की पक्षकार एसटीने धक्के खात मागून यायचा आणि ही रिकामी जागा ऐटीत पुढे जायची.

आईने चाळीस वर्षांत तीन कव्हरं शिवली. पहिली दोन विरली म्हणून.

यंदा घर विकायचं ठरलं. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे, एक डोळा जवळजवळ गेलेला. आईचे दोन्ही गुडघे निकामी. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, एकटीच राहते. माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे, पण पार्किंग एकच. गाडी विकावी लागणार हे अण्णांनीही मुकाट्याने मान्य केलं.

सामान बांधायला मी नांदेडला आले, त्या दिवशी आई भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "सौदामिनी, गाडी जायच्या आधी मला एकदा बसायचंय गं तिच्यात. लांब नको. गल्लीच्या टोकापर्यंत. पण यांनीच चालवायची."

चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदा मागितलं होतं. मी उठून सरळ अण्णांकडे गेले. अण्णा लहान मुलासारखे खूश झाले. त्यांनी लगेच ग्यानोबा मिस्त्रीला बोलावून बॅटरी बसवून घेतली, इंजिन चालू करून घेतलं. "उद्या तो पुण्याचा माणूस किंमत करायला येऊन राहिलाय," ते म्हणाले. "तो बघून जाऊ दे. संध्याकाळी ऊन उतरलं की जाऊ." आईने रात्रीच पोपटी साडी काढून ठेवली आणि केसांना बांधायला माझा एक रुमाल मागून घेतला.

पुण्याचा माणूस म्हणजे श्रीनाथ, पस्तिशीचा, जुन्या गाड्यांचा व्यापारी. बरोबर टॉर्च, लांब दांड्याचा आरसा आणि वही. आधी तो गाडीशी इतक्या लाडाने बोलला की मला वाटलं, हा हार घालून, मागू ती किंमत देऊन नेतोय. उलटी, मागच्या बाजूला उघडणारी दारं, पुढे झोपवता येणारी काच, पाठीवर घेतलेलं स्टेपनीचं चाक, सगळ्यावरून त्याने हात फिरवला. मग वही उघडली आणि एकेक करून अण्णांचा संसार मोडीत काढला.

"रंग मूळचा हिरवा होता ना, काका? हा लाल तुम्ही दिलाय."

"एक्याण्णव साली. दोन हात मारलेत."

"कार्बुरेटर मूळचे दोन असतात. हा एक आहे, तोही ॲम्बॅसॅडरचा."

"ग्यानोबाने बसवला. कधी बंद पडली नाही."

"टप मंडपवाल्याकडून शिवलेला दिसतोय. आणि आतली लाकडी चौकट?"

"किनवटचं सागवान!" अण्णा म्हणाले. "मूळच्यापेक्षा सरस."

"सरस आहे हो काका, पण इंग्लंडचं नाही." श्रीनाथने वहीत आकडा लिहिला. "अगदी मुळातली असती तर बावीस-तेवीस लाखांना गेली असती. हिचे मी बारा देईन."

ज्या ज्या गोष्टीचा अण्णांना अभिमान होता, तिथे तिथे पैसे कापले गेले होते. मला त्यांची कीव आली. ते खुर्चीवर बसून राहिले. मग श्रीनाथने डाव्या कव्हरच्या नाड्या सोडल्या.

आई दारात उभी होती. पोपटी साडी तिने सकाळपासूनच नेसली होती.

त्या गाडीत बसायच्या गाद्या दोन, पण पाठ टेकायची गादी दोघांत मिळून एकच. उजवा अर्धा भाग अण्णांच्या पाठीने काळा पडलेला, भेगाळलेला. डावा अर्धा बिस्किटाच्या रंगाचा, तुळतुळीत. एकाच चामड्याचे असे दोन रंग मी प्रथमच पाहत होते.

"याच्यावर कुणी बसलंच नाही?" श्रीनाथ गुडघ्यांवर खाली बसला.

"ती जागा हिची आहे," अण्णा सवयीने म्हणाले.

श्रीनाथने आईकडे पाहिलं, परत गादीकडे पाहिलं. त्याला काही कळलं नसावं. "नशीब तुमचं, काका. एवढ्या जुन्या गाडीत कंपनीचं मूळ चामडं असं मिळत नाही. हिचा एक लाख वेगळा देतो. फक्त आता कुणी बसू नका. वाळलंय ते. वजन पडलं की शिवणीवर उसवणार. जशी आहे तशी हवी."

"अण्णा," मी म्हणाले, "आईला संध्याकाळी..."

अण्णांनी आईकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते. म्हणा, मनात मी ओरडत होते, म्हणा की घाल तुझा लाख चुलीत.

"उसवेल म्हणतोय तो," अण्णा म्हणाले. "एवढी वर्षं जपली."

आणि ते उठले, चाचपडत कव्हर ओढलं आणि चारही नाड्या बांधल्या. तुळतुळीत भाग झाकला गेला.

"खरंच की," आई म्हणाली. "उसवली तर वाईट दिसेल." ती आत गेली. चहा घेऊन आली तेव्हा अंगावर रोजची साडी होती.

खोटं कशाला सांगू, मीही भांडले नाही. नंतर अण्णांशी अबोला धरला, तो सोपा होता. पण त्या वेळी तो लाख माझ्याही कानात शिरला होता. एका गुडघ्याचं ऑपरेशन त्यात जवळपास होतं, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला. आईच्याच गुडघ्यासाठी आईलाच बसू दिलं नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. ती फार टिकली नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला ट्रेलर आला. ड्रायव्हर देगलूरकडचा श्रीशैल, शंभर किलोंचा गडी. त्याने फळ्या लावल्या, साखळीने गाडी वर ओढली, चाकं पट्ट्यांनी आवळली. अण्णा आणि आई फाटकाशी उभे होते. मी आतून पाणी घेऊन आले तर अण्णा मान उंच करून, डोळे बारीक करून वर बघत होते.

"कोण बसलंय? डावीकडे कोण बसलंय?"

श्रीशैल बसला होता. कव्हर काढून, मागे रेलून, मोबाइल बघत.

"उठ!" अण्णा किंचाळले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "उठ म्हणतो! ती जागा हिची आहे!"

श्रीशैल धडपडत उठला. "क्या हुआ साहेब? मालकाला फोटो पाठवून राहिलो. जरा टेकलो, दुसरं काय न्हाई केलं."

"सौदामिनी, बघ. उसवली का बघ."

मी फळीवरून वर चढले. सगळ्या शिवणींवरून बोट फिरवलं, दाबून पाहिलं. चामडं ऊबदार होतं. श्रीशैलच्या वजनाने पडलेला खळगा हळूहळू वर येत होता आणि बघता बघता गादी पहिल्यासारखी झाली. एक टाका हलला नव्हता.

"काही झालेलं नाही," मी वरून मुद्दाम मोठ्याने सांगितलं. "शंभर किलोंनी काही झालं नाही, अण्णा."

मला ते अण्णांना लागायला हवं होतं. शेजारी आई उभी आहे हे मी विसरले.

मी खाली उतरले, तिचा हात धरला. "चल, मी स्टूल आणते. मी आणि हा ड्रायव्हर मिळून चढवतो. बांधलेल्या गाडीत का होईना, बस."

तिने ती उंच फळी पाहिली, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "नको गं," ती म्हणाली. मग अण्णांकडे वळली. "त्याला कशाला उठवलंत? बसला होता तर बसू द्यायचं. सकाळपासून उभाच आहे तो."

ट्रेलर निघताना श्रीशैलने कव्हर माझ्या हातात दिलं; मालकाला ते नको होतं. आईने ते घेतलं आणि नीट घडी केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या गाडीने लातूरला निघालो. अण्णांनी स्वतः पुढचं डावं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. "तू बस पुढे," ते आईला म्हणाले.

"मला पुढची सवय नाही," आई म्हणाली. "मागेच बरं वाटतं." आणि ती मागे बसली.

अण्णांनाही पुढे बसवेना. शेवटी दार लावून ते तिच्या शेजारी मागे बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. लातूरपर्यंत माझ्या डावीकडची जागा रिकामीच आली.