बारा व्होल्ट आणि वहिनींचा आवाज

"सांगतो, पण विश्वास ठेवायचा नाही हां! आजवर कोणी ठेवला नाही, तुम्हीही ठेवणार नाही. एका चार्जरवर मी आख्खा पूल थांबवलाय."

एवढं बोलून भाऊजींनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर टेकवलं. टॅक्सीवाला स्वतःचा रेडिओ विसरून स्टूल पुढं ओढून बसला. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाई मात्र पक्क्या होत्या. "आधी मिक्सर, मग पूल," त्या म्हणाल्या.

"मिक्सर कुठं पळतोय बाई? त्याचं पातं जागचं हलत नाही, म्हणून तर तुम्ही आलात."

भाऊजी म्हणजे कुणा एकाचे भाऊजी नव्हेत. थोरल्या भावाची बायको त्यांना तशी हाक मारायची आणि तिची हाक अशी खणखणीत, की आख्ख्या गल्लीनं ती उचलली. लग्नानंतर त्यांची स्वतःची बायकोसुद्धा एकदा चुकून 'भाऊजी' म्हणून बसली होती. तो किस्सा घरात अजून शिळा झालेला नाही.

या वहिनी घरात आल्या तेव्हा भाऊजी शाळकरी होते आणि हाताला लागेल ते उघडून बघत. वहिनींच्या माहेरून आलेलं गजराचं घड्याळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताटलीत मांडलं. सासूबाई काठी शोधत होत्या. वहिनींनी ताटलीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "उघडलंत ना भाऊजी? आता जोडा. घाई नाही." दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, दुकान उभं आहे ते या शब्दांवर, असं भाऊजी मानतात. बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

वहिनींचा आवाजच तसा. त्या खिडकीतून घरच्यांना जेवायला बोलवत तेव्हा शेजारच्या दोन घरांत पानं मांडली जात. वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच होतं. मग घशाचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण जाताना आवाज घेऊन गेलं. मागं राहिली नुसती फुंकर. वहिनी पाटी-खडू घेऊन बसू लागल्या आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

डॉक्टरांनी एक डबा दिला होता. गळ्याशी छोटा माईक, टेबलावर डबा. फुंकर आत, आवाज बाहेर. वहिनींना त्याची लाज वाटे. शेवटी मोठ्या मिनतवारीनं त्या वाचनालयात एकदा करून बघायला तयार झाल्या आणि नेमकी त्याच सकाळी डब्याच्या अॅडॅप्टरनं मान टाकली. वहिनींनी पाटीवर लिहिलं, 'आज नाही जमलं तर परत नाही. मुलांसाठी दुसरं कुणीतरी बघा.'

"आणि मी खिशातून काय काढलं?" भाऊजींनी नखाएवढी हिरवी पट्टी चिमटीत धरून दाखवली. "ट्रिगर बोर्ड! या बाजूला टाइप-सी चार्जर लावायचा, या बाजूनं दोन तारा काढायच्या. चार्जरच्या पोटात वीस व्होल्ट असले तरी तो न मागता पाचाच्या वर देत नाही. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, तसलाच प्रकार. हे बोर्ड चार्जरला त्याच्या भाषेत सांगतं, बाबा, नऊ दे, बारा दे."

"आणि तो देतो?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"असतील तर देतो. माणसांपेक्षा बरा."

डब्याला बारा व्होल्ट लागत. भाऊजींनी मेलेल्या अॅडॅप्टरची गोल पिन कापून बोर्डाला डकवली आणि ऐटीत वाचनालय गाठलं. मुलं सतरंजीवर बसली होती, मागं त्यांच्या आया आणि आजोबा. भाऊजींनी चार्जर लावला. बोर्डावर निळा दिवा लागला, डब्यातून 'फट्' झालं आणि जळका वास सुटला.

झालं होतं असं, की बोर्डावर एक बटण असतं आणि शेवटचा दाबलेला आकडा ते बोर्ड लक्षात ठेवतं. सकाळी याच बोर्डावर भाऊजींनी वीस व्होल्टचं सोल्डरिंग आयर्न चालवलं होतं. बोर्ड काही विसरलं नाही. विसरले ते भाऊजी.

वहिनींनी पाटीकडं हात नेला. तो हात भाऊजींनी बघितला आणि घाईघाईनं डबा उघडला.

नशीब थोर, की डब्याचा फ्यूज स्वतः मेला आणि बाकीच्यांना वाचवून गेला. लोक खिशात बडीशेप ठेवतात तसे भाऊजी फ्यूज ठेवतात. नवा बसवला, डबा न जोडता आधी चार्जर लावला, बटण दाबत दाबत बारा मागितले. दिवा पिवळा. म्हणजे नऊ; बारा मिळाले की तो हिरवा होतो. भाऊजींच्या चार्जरकडं वीस होते, नऊ होते, बारा नव्हतेच! नऊ व्होल्टवर डबा जोडून पाहिला तर बेडूक पाण्याखालून बोलावा तसा आवाज.

आता भाऊजींनी जन्मात कुणाकडं स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा मागितला नव्हता. ज्याला त्याला देणारा माणूस. ते सतरंजीपुढं उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "कुणाकडं... चार्जर आहे का? बारा व्होल्टवाला? वहिनींसाठी हवाय."

मग पर्सच्या चेनी उघडल्याचा आवाज झाला. एका आजोबांनी कोटाच्या आतल्या खिशातून काढला. एका आईनं तर बाळाच्या दुधाच्या बाटलीखालून काढला. टेबलावर चार्जरांचा ढीग झाला. पिवळा. पिवळा. पुन्हा पिवळा. शेवटी ग्रंथपालबाई उठल्या. पुस्तक उशिरा आणलं तर सख्ख्या भावालाही न सोडणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या लॅपटॉपचा चार्जर काढून आणला आणि म्हणाल्या, "बघा. पण जाळू नका."

दिवा हिरवा झाला.

इथं आलं की भाऊजींचा आवाज दर वेळी जरा खाली येतो. त्या दिवशी तिथं बसलेल्या एकेकाचा चेहरा त्यांना आठवतो. कुणाची इस्त्री आली, कुणाचा पंखा आला, तर दुकानात त्याचं काम सगळ्यांच्या आधी होतं आणि का, ते त्याला कधी कळत नाही.

"मग?" मिक्सरवाल्या बाई आता मिक्सरचं नावही काढत नव्हत्या.

"मग काय! वहिनींनी तोंड उघडलं आणि आवाज असा सुटला, की खिडक्यांची तावदानं गायला लागली. वाचनालयालगतच्या पुलावर बसचालकांनी ब्रेक दाबले. नदीतले मासे काठाला येऊन रांगेत बसले!"

"बसले?" टॅक्सीवाला म्हणाला.

"आता उभे कसे राहतील, मासे ते!" भाऊजींनी एक डोळा मागच्या खोलीच्या दाराकडं टाकला. पडद्यापलीकडं वहिनी उद्याच्या गोष्टी निवडत बसल्या होत्या. घरात अजूनही त्या डब्याला सहसा हात लावत नसत. पाटीच बरी म्हणत. भाऊजींनी आवाज मुद्दाम चढवला. "आणि त्या माईकवर वहिनींचं पहिलं वाक्य काय होतं, ठाऊक आहे? म्हणाल्या, 'बाळांनो, आधी माझ्या भाऊजींना नमस्कार करा. असा इंजिनिअर पृथ्वीवर...'"

पडद्यामागं खट् झालं. डबा जरासा घुमला आणि आख्ख्या दुकानात, पार रस्त्यापर्यंत, खणखणीत ऐकू आलं:

"खोटं! साफ खोटं! मी म्हणाले होते, 'भाऊजी, आता त्या बटणाला हात लावू नका!'"