वाकड्या कुंडीतला रामोंडा

मित्रांनो, मी एक जुना, डोंगरी आणि जरासा आळशी रामोंडा आहे. मातीला चिकटून बसलेली लवदार पानांची चकती आणि वर्षातून एकदा चार-पाच जांभळी फुलं, एवढाच माझा संसार. दुकानात मिरवणारी आफ्रिकन व्हायोलेट ही माझी चुलत बहीण. ती खिडकीत बसते, आम्ही खडकात. कपारीत तिरकं राहायची आमच्या कुळाची सवय, म्हणजे पावसाचं पाणी घरंगळून जातं, पानांच्या मधोमध साचत नाही.

मी मात्र रोपवाटिकेत जन्मलो. तेवीस वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या बेस्ट नावाच्या गावी टिनेकाबाईंच्या नवऱ्यानं मला घरी आणलं, कुंडीखाली कौलाचा तुकडा सरकवून ती तिरकी केली आणि भिंतीच्या सावलीत ठेवली. तो वारल्यावर बाई माझ्याशी बोलू लागल्या. मी उलट उत्तर देत नसल्यामुळे आमचं छान जमलं.

२०२० च्या मार्चमध्ये साथ आली. बाईंची लेक त्यांना आपल्या गावी न्यायला आली. गाडीत मला जागा उरली नाही, म्हणून कुंपणावरून मला शेजारच्या मीनलकडे सोपवलं. मीनल आणि तिचा नवरा आशुतोष दोघंही इंजिनिअर, दिवसभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपशी बोलणारी. मला हातात घेतलं ते मीनलच्या आईनं, वृंदाताईंनी. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद पडल्यानं अडकल्या होत्या. हे माझ्या नवऱ्याचं झाड आहे, असं टिनेकाबाईंनी बजावलं. वृंदाताई निवृत्त शिक्षिका. त्यांनी खणखणीत इंग्रजीत शब्द दिला, की जिवापाड सांभाळीन.

हा शब्द आठवला की अजून माझी मुळं थरथरतात.

ताईंनी आधी वाकडी कुंडी सरळ केली. कौलाचा तुकडा कचऱ्यात गेला आणि मी भर उन्हात, अंगणाच्या मधोमध आलो. पुण्यात रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचा त्यांचा नेम. इथे तुळस मिळेना आणि नेम मोडवेना, मग तुळशीच्या जागी माझी नेमणूक झाली. आंघोळ उरकून त्या तांब्याभर पाणी बरोब्बर माझ्या मध्यावर ओतत, हळदकुंकू वाहत आणि प्रदक्षिणा घालत. अंगण इवलंसं, त्यात सायकली, म्हणून त्या स्वतःभोवतीच फिरत. त्यांचं सोडा, बघून मलाच चक्कर येई. कुंकू तर माझ्या लवेत असं रुतून बसलं की वाऱ्यानंही उडेना.

महिन्याभरात माझी मधली पानं कुजली. आशुतोषनं नेटवर वाचून फर्मान काढलं की पाणी बंद, ऊन बंद. माझी रवानगी सायकलींच्या शेडमध्ये झाली. आपला हात आता झाडाला लागायलाच नको, म्हणून ताई तिकडे फिरकल्या नाहीत. मीनलला वाटलं आशुतोष बघतोय, आशुतोषला वाटलं मीनल बघतेय. तीन महिने मला कुणीही बघितलं नाही.

ऑगस्टमध्ये टिनेकाबाईंचा निरोप आला, परवा येतेय. शेडचं दार उघडलं तेव्हा कुंडीत मूठभर वाळकी मेथी ठेवल्यासारखा मी पडलो होतो. आशुतोष सायकलीवर टांग मारून गेला आणि माझ्या चुलत बहिणीला विकत घेऊन आला. माझ्या कुंडीत ती बसणार आणि मी हिरव्या कचरापेटीत जाणार, असं ठरलं.

"आई, त्यांना कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला.

"मला कळेल ना," ताई म्हणाल्या. "तिच्या नवऱ्याचं झाड मी मारलं. निदान खोटं तरी बोलणार नाही."

टिनेकाबाई आल्या त्या सकाळी ताई एका हातात मी आणि दुसऱ्या हातात नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन कुंपणाशी गेल्या. सगळं सांगता सांगता त्यांचं इंग्रजी संपलं आणि रडू सुरू झालं. बाईंनी मला निरखलं आणि चक्क हसायला लागल्या. एका उन्हाळ्यात त्याही मला असंच शेडमध्ये विसरल्या होत्या, ते त्यांनी सांगितलं.

"नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही," त्या म्हणाल्या. "मग हे झाड जागं झालं, तेव्हा बोलला."

त्यांनी मला पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवलं. आम्ही रामोंडे वाळतो, पण लगेच मरत नाही. नुसते झोपतो. हे आधी सांगायला बाई विसरल्या होत्या आणि विचारायला ताई. ताई कुंपणाशी खुर्ची टाकून दोन दिवस बसल्या. तिसऱ्या सकाळी माझी बाहेरची पानं हिरवी होऊन उलगडली. कुजलेली कायमची गेली, ते मी लपवत नाही.

म्हणून मित्रांनो, माझं मागणं एवढंच, की पाणी घालण्याआधी झाडाला तहान आहे का ते बघा, आणि फेकण्याआधी दोन दिवस थांबा.

ऑक्टोबरात ताईंना विमान मिळालं. निघायच्या सकाळी आंघोळ करून त्या कुंपणापाशी आल्या. कुठूनसा कौलाचा एक तुकडा शोधून आणला होता, तो त्यांनी माझ्या कुंडीखाली नीट सरकवला. तांब्या भरलेला होता. त्यांनी मातीला बोट लावून पाहिलं, ती ओली होती. तांब्या तसाच खाली ठेवून त्यांनी नुसते हात जोडले. त्या दिवशीची पूजा मला खरोखर पोचली.