बॉनेटवर उरलेलं नाव

मी दौंडच्या ज्ञानदेव ऑपरेटरांच्या दारातली लाल मारुती बोलतेय. लाल म्हणायचं ते आपलं सवयीनं. आता टपावर पांढरट, दारांवर गुलाबी आणि कडांना गंज, असा माझा अवतार आहे. कुणी हात टेकला की हाताला रंगाची भुकटी लागते. माणसं तो हात झटकतात आणि पुन्हा माझ्यावरच पुसतात.

शहाण्णव साली शिरूरच्या एका बियाणेवाल्याकडून मी या घरी आले. ज्ञानदेव कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं. मुलगी तेजश्री तेव्हा सातवीत होती. ती कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि ती जागा तिचीच झाली.

आमच्याकडे गाडी घेतली की तिच्यावर पोरांची नावं घालतात. दुसऱ्याच दिवशी ज्ञानदेवांनी मला रेडियमवाल्याकडे नेलं. बॉनेटच्या मधोमध पिवळी, ठसठशीत अक्षरं चिकटली, ‘तेजश्री’.

रेडियमवाला म्हणाला, "मालकाचं नाव कुठं टाकू?"

"मालकीणच हाय की ती," ज्ञानदेव म्हणाले.

घर पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतरचं ऊन सरळ माझ्या अंगावर. म्हणून चांगुणाबाईंनी तेजश्रीच्या जुन्या फ्रॉकांची आणि आपल्या लुगड्यांची एक मोठी गोधडी शिवली. ज्ञानदेव शिफ्टवरून आले की आधी माझी गोधडी नीट करायचे, मग चपला काढायचे. धूळ कोरडी पुसू द्यायचे नाहीत, आधी पाणी. भीमजयंतीला निळा झेंडा लावायचा तोसुद्धा आरशाला, बॉनेटला चिकटपट्टी नाही.

समोरच्या तुळजाबाईंना हे सगळं पाहवायचं नाही. "भाऊ, बायकूला ऊन लागलं तर चालतंय, गाडीला न्हाई."

"तुळजाबाई, पोरीच्या लग्नाला मी सोता हिच्यातनं विहारात नेणार हाय तिला. तवर रंग टिकाया पाहिजे."

गोधडी असली तरी ऊन ते ऊन. थोडं थोडं नेतंच. मी फिकी होत गेले, पण ते इतकं हळूहळू की घरातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेजश्रीसुद्धा अशीच हळूहळू मोठी झाली. शिरूरला कॉलेजला जायला लागली. एकदा एसटी स्टँडबाहेर मी उभी होते. शिरूरजवळच्या मांडवगणचा, तिच्या कॉलेजातला रविराज तिच्याशी बोलत होता, आणि ती अशी हसत होती की मला तेव्हाच कळलं. सांगणार कशी? मला हॉर्न आहे, तोंड नाही.

दोन हजार चार साली तिनं त्याच्याशी कोर्टात लग्न केलं. घरी फोन आला तो लग्न झाल्यावर. मुलगा दुसऱ्या जातीतला, बाबा नाही म्हणतील, असं तिला वाटलं.

ज्ञानदेव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चांगुणाबाई मागे.

"मी न्हाई म्हणलो असतो का?"

"न्हाई ओ."

"मग इचारलं का न्हाई तिनं?"

ज्ञानदेव नखानं रेडियम उचकटायला लागले. उन्हानं ते कडक झालेलं, तुकडे तुकडे होऊन निघालं. पिवळा रंग सगळा गेला. आणि त्याच्याखाली, जिथं इतकी वर्षं ऊन पोचलंच नव्हतं, तिथं माझा मूळचा लालभडक रंग जसाच्या तसा होता. तेजश्री.

तुळजाबाई फाटकातून वाकून म्हणाल्या, "भाऊ, आता तर जास्तच दिसाया लागलं."

ज्ञानदेवांनी घासलेटच्या फडक्यानं घासून पाहिलं. नाव अजूनच चकाकलं. मग त्यांनी गोधडी काढून आत टाकली आणि माझं तोंड पश्चिमेला वळवलं. ज्या माणसानं मला उन्हापासून जपलं, त्यानंच मला उन्हात उभं केलं. पोरीचं नाव ऊन खाईल म्हणून.

ते कामावर गेले की चांगुणाबाई गोधडी घालायच्या. आल्यावर ते ती काढायचे. तेजश्रीचे फोन यायचे, ते उठून बाहेर यायचे. हळूहळू तिनं फोन करणं सोडलं. माझ्या रंगाला बारीक चिरा गेल्या, मग पापुद्रे सुटले. नखानं ओढावा तसा टपावरचा रंग निघू लागला. नाव मात्र चिवट. सगळ्यांत शेवटी फिकं झालं.

ते रिटायर झाले. चांगुणाबाईंनी शिरूरचा ज्योतिबा पेंटर बोलावला. त्यानं पाणी मारलं, पॉलिशपेपर हातात घेतला आणि बॉनेटपासून सुरुवात केली. ‘ते’वर दोनदाच हात फिरला असेल.

"थांब," ज्ञानदेव ओरडले. मग हळू म्हणाले, "तेवढं राहू दे."

"मामा, मग सगळीच गाडी भिकार दिसंल."

"दिसू दे."

ज्योतिबा सामान गुंडाळून गेला. ज्ञानदेव आत गेले, गोधडी घेऊन आले, झटकली, आणि फक्त बॉनेटवर घातली. चारी टोकं स्वतःच्या हातानं खोचली. चांगुणाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला गेल्या.

त्याला आता दोन वर्षं होतील. गोधडी विरलीय. ‘ते’ गेलंच आहे. ‘ज’चा पापुद्रा कडेनं उचललाय. मला नवा रंग नको, हौस फिटली. रोज संध्याकाळी ज्ञानदेव गोधडी उचलून बघतात आणि मग पुलाकडच्या रस्त्याकडे बघत बसतात. तेजश्रीच्या सासरकडची, शिरूरची एसटी तिकडूनच येते. फोन करायला हात धजत नाही त्यांचा.

तेजश्री, तुझ्यापर्यंत हे पोचलं तर ऐक. अक्षरं जायच्या आत ये. तेव्हा विचारायला हवं होतं, तेव्हा विचारलं नाहीस. आता विचारत बसू नकोस. सरळ दार उघड आणि पुढच्या सीटवर बस.