इंचाला आठ टाके

“त्याला हात नका लावू, तो सेनापतीचा आहे,” बाई म्हणाल्या.

शिक्केसाहेबांनी कमरपट्ट्यावरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्यांच्या लक्षात आले की हा सेनापती नाटकातला, आणि ते नाटक बंद पडूनही वीस वर्षे उलटली होती. पण कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंच्या त्या लांबुळक्या खोलीत सगळ्यांचे हक्क अजून शाबूत होते. मिशांचा डबा वेगळा, दाढ्यांचा वेगळा. चौदा मुकुट पातेल्यांसारखे एकात एक घालून ठेवलेले. खुंटीवर वकिलांचे दोन काळे कोट. त्यांतला एक हरणाऱ्या वकिलाचा, म्हणून कोपरावर मुद्दाम विरवलेला.

“मग पोलिसांचं सामान कुठं?”

“कुठले पोलीस? विनोदी का खरे?”

“खरे.”

“खरा आमच्याकडे एकच. शेवटच्या अंकातला इन्स्पेक्टर. वर त्या पत्र्याच्या पेटीत आहे बघा. स्टुलावर चढा, पण जपून. त्याचा एक पाय हलतो.”

शिक्केसाहेब हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेले नव्हते. साहेब वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक होते. दुकानदाराचे वजन काट्यावर खरे उतरले की त्यावर शिक्का ठोकायचा, नाही उतरले की जप्त करायचे, एवढेच काम. आणि स्वभावही त्या शिक्क्यासारखाच, एकदा उमटला की उमटला. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातले किलोचे वजन चार ग्रॅमने कमी भरले, तेव्हा त्यांनी ते जप्त केले आणि संध्याकाळी त्याच मेव्हण्याकडे ठरल्याप्रमाणे जेवायला गेले. मेव्हण्याची बायको प्रत्येक डाव वाढताना विचारत होती, “बघा हं, बरोबर भरला ना?” साहेबांनी मान डोलवली आणि पोटभर जेवले.

अशा माणसाला निवृत्ती पचत नाही. साहेबांनाही पचली नसती. पण त्याच वर्षी सासरे वारले आणि त्यांचे रिव्हॉल्व्हर घरात आले. सासरे सैन्यात होते खरे, पण कोठारावर. मोजे, बूट, चादरी देण्याघेण्यात त्यांची नोकरी गेली. सहा गोळ्यांचे ते जुने लष्करी रिव्हॉल्व्हर त्यांना निरोपाच्या वेळी आठवण म्हणून मिळाले, तेही सरकारी कारखान्यात नळी कायमची बुजवून, कागदपत्रांसकट. मेव्हण्यांपैकी कुणाला ते नको होते. साहेबांनी भिंग लावून पाहिले तर त्या एका वस्तूवर निरनिराळे अकरा शिक्के. इतके शिक्के एका जागी त्यांनी उभ्या हयातीत पाहिले नव्हते. या वयात माणूस प्रेमात पडतो तो असा.

मग कळले की ही वस्तू एकटी नसते. मुठीच्या कडीत अडकवून गळ्यात घालायची विणलेली दोरी असते. नळी साफ करायचा पितळी गज असतो. आणि ते ठेवून कमरेला लावायचे चामड्याचे होल्स्टर. तेही त्याच सालचे, त्याच तपासनिसांच्या शिक्क्याचे. नाही तर मग बाजारात काय वाटेल ते मिळते. दोरी दोन वर्षांनी एका निवृत्त बँडमास्तराकडे सापडली, तो तिला शिट्टी बांधत होता. गज एका घड्याळजीच्या खिडकीत छोट्याशा पडद्याची दांडी होऊन बसला होता. होल्स्टर मात्र अकरा वर्षे हुलकावणी देत राहिले. साहेबांनी सव्वीस होल्स्टरे पाहिली आणि नाकारली. कारणे वहीत होती. ‘टाके इंचाला सहा. हवेत आठ.’ ‘बटण लोखंडी, वर पितळी मुलामा.’ ‘आत गजाची खोळ नाही.’ एका पानावर नुसतेच ‘विकणारा फार गोड बोलतो.’

ही खोळ म्हणजे खरी मेख होती. अस्सल होल्स्टरच्या आत, शिवणीच्या कडेने, गज ठेवायला चामड्याची एक अरुंद खोळ असते. नक्कल करणारे बाहेरून सगळे करतात. आत कोण बघतो म्हणून खोळ सोडून देतात. साहेब आत बघत. त्यासाठी गज कायम खिशात.

आता घाई होती. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचे एक मंडळ होते, वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचे. मधले मोठे टेबल फक्त पूर्ण संचाला मिळे. साहेबांना नऊ वर्षे भिंतीकडचे टेबल मिळत होते, पाण्याच्या पिंपाला लागून. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. गेल्या खेपेला ते सगळ्यांदेखत म्हणाले, “काय साहेब, तुमचं हे कासव पाठीविनाच फिरणार का कायम?” हॉल हसला. साहेब तिरमिरीत बोलून गेले, “पुढच्या वर्षी होल्स्टरसकट आणीन. नाही तर येणार नाही.” ते ‘पुढचे वर्ष’ येत्या रविवारी होते आणि आज गुरुवार. न्हाव्याच्या खुर्चीत कानावर आले की जुन्या नाटक कंपनीचा कपडेपट मोडताहेत, म्हणून साहेब अर्धी दाढी सोडून निघणार होते. न्हाव्याने धरून ठेवले.

पत्र्याच्या पेटीत खाकी सदरा निघाला, टोपी निघाली आणि तळाशी काळ्या तैलरंगाने रंगवलेले एक होल्स्टर. रंग जाड, ठिकठिकाणी पोपडे आलेला. झाकणाखालून लाकडी मूठ डोकावत होती.

साहेबांनी पट्टी काढली. शिवणीवर धरली. मोजले. पुन्हा मोजले.

“काय मोजता?” बाईंनी विचारले.

“टाके. आठ आहेत.”

“मग? कमी पडले का?”

“नाही,” साहेब म्हणाले.

बटण पितळी होते, कडेने हिरवे साचलेले. मागच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या वादीखाली रंग पोहोचला नव्हता. तिथे बोटाएवढे तपकिरी चामडे उघडे होते आणि त्यावर एक गोल शिक्का, खाली सालाचे दोन आकडे. साहेबांनी भिंग लावले, काढले, पुसले, पुन्हा लावले. तेच साल.

“बाई, यातलं हे... हे लाकडाचं जरा काढता का?”

बाईंनी लाकडी पिस्तूल ओढून काढले. ते सहज निघाले नाही. बाटलीचे बूच निघावे तसे कुरकुरत निघाले. साहेबांनी खिशातला गज आत सरकवला. खोळ होती. गज शेवटपर्यंत गेला.

अकरा वर्षांनी साहेबांना खाली बसावेसे वाटले. ते हलत्या पायाच्या स्टुलावरच बसले.

“पाणी देऊ का?”

“नको. बाई, तुम्हाला ठाऊक आहे का हे काय आहे? हे खरं आहे. लष्करी. एवढं जुनं, एवढं...” साहेबांना खोटे बोलून वस्तू पदरात पाडून घेणे जमण्यासारखे नव्हते, नोकरीत मोडलेली सवय आता कुठून येणार? त्यांनी शिक्क्यापासून खोळीपर्यंत सगळे सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

“मला वाटलंच होतं काहीतरी असेल,” त्या म्हणाल्या. “कंपनीनं कुठल्याशा लिलावात घेतलं होतं म्हणे, पोत्यानं. पिस्तूल मात्र आमच्या ह्यांनी केलेलं. दिवसा कंपनीचे सुतार, रात्री इन्स्पेक्टर. खिडकीच्या चौकटीचा तुकडा उरला होता, त्यातून कोरलं. चित्र बघून.”

“काम मोठं होतं का त्यांचं?”

“एका वाक्याचं. शेवटी दार लोटून आत यायचं आणि म्हणायचं, ‘कुणी हलायचं नाही!’ तीनशे बारा प्रयोग. एकदाही कुणी हललं नाही. घरात तेच म्हणाले तर मांजरसुद्धा उठून जायचं.”

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पिस्तूल पदराने पुसत होत्या.

“तिसऱ्याच प्रयोगाला हे त्यातून पडलं होतं. सैल बसायचं ना. टणकन. लाकडाचा आवाज लाकडाचाच. लोक असे हसले, की ज्याचा खून झाला होता तोही हसला. रात्रभर झोपले नाहीत हे. मग सकाळी चामडं भिजवलं, पिस्तूल आत घातलं, वरनं सुतळीनं आवळलं आणि चार दिवस सावलीत टांगून ठेवलं. पुन्हा नाही पडलं कधी.”

चामडे भिजवले म्हटल्यावर कुणाचेही कान टवकारले असते. पण साहेबांचे कान त्या वेळी मधल्या टेबलावर होते.

“मला द्याल?”

“न्या की. सोमवारी खोली रिकामी करायची आहे. दाढ्या शाळेनं नेल्या, मुकुट लग्नाच्या बँडवाले नेताहेत. तुम्ही निदान नाव-गाव विचारलंत त्याचं.” बाईंनी कागद शोधला, होल्स्टर गुंडाळले, दोरीने बांधले. “हे लाकडाचं तुम्हाला नको असेल.”

“नाही नाही. ते कशाला?” साहेब म्हणाले.

दारातून त्यांनी वळून पाहिले तेव्हा बाई पिस्तूल हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते मिशांच्या डब्यात ठेवून पाहिले, झाकण लागेना. मग चष्म्यांच्या खोक्यात. ते आडवे बसेना. “आता हे कुठं ठेवावं बाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. साहेब जिना उतरले.

“आलात? सापडलं का पुन्हा जवळजवळ?” बायकोने दारातच विचारले. अकरा वर्षांत ‘जवळजवळ सापडलं’ हा त्या घरातला वाक्प्रचार झाला होता.

“सापडलं.”

“म्हणजे जवळजवळ?”

“सापडलं म्हणतोय ना!”

तिने हात पुसले आणि येऊन बसली. तिच्या वडिलांची वस्तू होती शेवटी. साहेबांनी कपाटातून रिव्हॉल्व्हर आणले, कापडाने पुसले, होल्स्टरचे झाकण उघडले आणि नळी आत घातली. नळी गेली. गोळ्यांची चकती तोंडाशी येऊन थांबली.

साहेबांनी किंचित जोर दिला. मग थोडा आणखी.

“फाडाल,” बायको म्हणाली.

त्यांनी मोजपट्टी आणली. चकतीची जाडी मोजली, होल्स्टरचे तोंड मोजले. अर्ध्या बोटाचा फरक. चौतीस वर्षे ज्या माणसाने मोजल्याशिवाय पान हलवले नाही, त्याने आज टाके मोजले, साल मोजले, आणि नेमके तोंड मोजायचे तो विसरला होता.

“बाबांचं रिव्हॉल्व्हर खरं ना?”

“खरं.”

“आणि हे?”

“हेही खरं.”

“मग अडतंय कुठं?”

साहेबांनी लाकडी पिस्तुलाची हकिकत सांगितली. ‘कुणी हलायचं नाही’ला ती खळखळून हसली; मांजरावर तर तिच्या डोळ्यांतून पाणी आले. मग म्हणाली, “एवढंच ना? त्या सुतारानं भिजवलं, तुम्हीही भिजवा. तेवढं तर तुम्हाला येत असेल.”

येत होते. एका खोगीर शिवणाऱ्याने सांगून ठेवले होते. कोमट पाणी, जास्त गरम नको. चामडे मऊ झाले की रिव्हॉल्व्हर प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत दाबायचे, हाताने सगळीकडून चापायचे, सावलीत वाळवायचे. दोन दिवस पुरेत. चामडे जुने वळण पार विसरते, तो म्हणाला होता. आज भिजवले तर शनिवारी संध्याकाळी तयार. डॉक्टरांचे तोंड कसे होईल तेही साहेबांना दिसले; चांगले मोठे उघडे, दातांसकट.

बायकोने पाणी तापवले, टबात ओतले, गार पाणी घालून कोपर बुडवून पाहिले. “चला, या लवकर.”

“आलो. आत धूळ किती आहे बघतो.”

साहेबांनी टॉर्च लावली आणि होल्स्टरच्या तोंडाला डोळा लावला. आत धूळ नव्हती. आत चामडे गुळगुळीत, काळसर झाले होते, आणि त्यावर बारीक रेघा होत्या. आधी त्यांना त्या भेगा वाटल्या. भिंग लावले तेव्हा कळले की भेगा नव्हेत. लाकडाच्या रेषा होत्या. खिडकीच्या चौकटीच्या त्या तुकड्याच्या रेषा, एक गाठ धरून, जशाच्या तशा चामड्यात उमटल्या होत्या. गाठीभोवती रेषा वळून पुढे गेल्या होत्या, पाणी दगडाला वळसा घालते तशा. बोटाने चाचपून पाहिले तर लागतही होत्या.

साहेबांनी होल्स्टर फिरवून दुसरी बाजू पाहिली. तिकडेही होत्या.

“अहो, पाणी गार होतंय!”

बायको आली, त्यांच्या हातातून भिंग आणि टॉर्च घेतली आणि स्वतः वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

“हे सगळं जाईल?” तिने विचारले.

“भिजवलं की जाणार.”

“मग?”

साहेबांनी झाकण लावले. पितळी बटण चामड्यातून पार जाऊन बसले. कागद टेबलावरच होता. त्यांनी होल्स्टर पुन्हा गुंडाळले, बाईंनी मारली होती तशीच दोरीची गाठ मारायचा प्रयत्न केला, जमली नाही, म्हणून साधी मारली.

“उद्या सकाळी देऊन येतो. सोमवारी खोली रिकामी करणार आहेत त्या.”

“आणि रविवारचं काय? येणार नाही म्हणून सांगून बसलायत सगळ्यांना.”

“जाईन.”

“होल्स्टरशिवाय?”

“होल्स्टरशिवाय.”

“डॉक्टर बोलतील.”

“बोलू देत. त्यांना तोंडाचाच धंदा आहे.”

बायको हसली. तिने रिव्हॉल्व्हर उचलून कपाटात ठेवले, शेजारी दोरी ठेवली, गज ठेवला. साहेब खुर्चीत तसेच बसून होते. मग त्यांनी वाकून बुटांचे बंद सोडले. मोजे काढून बुटांत कोंबले, टब पुढे ओढला, पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत वर केल्या आणि दोन्ही पाय त्या कोमट पाण्यात सोडले.